सर्व्हरच्या टेप ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट: कधी करायचं, कसं करायचं आणि जुन्या टेपांचं काय?

पतसंस्थेतली ठेव, कारखान्याला घातलेल्या उसाचं वजन, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (२०२४ पर्यंतचं अधिकृत नाव अहमदनगर) घराघराशी जोडलेल्या या नोंदी पूर्वी खतावणीत असायच्या, आता त्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर बंद पडला तरी बॅकअप आहे, असं आपण गृहीत धरतो. पण तो बॅकअप ज्या यंत्रातून परत वाचायचा, तेच यंत्र ऐनवेळी चाललं नाही तर?

काही संस्थांमध्ये हे यंत्र म्हणजे टेप ड्राइव्ह असतो. त्याचं फर्मवेअर अधूनमधून अपडेट करावं लागतं. काम काही मिनिटांचं आहे, पण चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या फाइलने केलं तर चालू ड्राइव्ह कायमचा बंद पडू शकतो. म्हणून हे काम नेमकं काय आहे, ते कसं करतात आणि ते पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, हे समजून घेऊया.

टेप ड्राइव्ह म्हणजे काय?

जुन्या कॅसेटची आठवण असेल तर कल्पना लगेच येईल. हाताच्या पंजात मावेल अशा चौकोनी कार्ट्रिजमध्ये साधारण अर्धा इंच रुंद आणि शेकडो मीटर लांब चुंबकीय फीत गुंडाळलेली असते. टेप ड्राइव्ह ही फीत फिरवतो आणि तिच्यावर माहिती लिहितो किंवा वाचतो.

आज सर्वाधिक वापरात असलेला प्रकार म्हणजे एलटीओ. एचपी, आयबीएम आणि सीगेट या कंपन्यांनी मिळून तो तयार केला. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या टेपवर १०० जीबी माहिती मावत होती. २०१७ च्या एलटीओ-८ मध्ये १२ टेराबाइट, तर २०२१ च्या एलटीओ-९ मध्ये १८ टेराबाइट मावते.

हार्ड डिस्क आणि क्लाउड असताना टेप कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचं साधं उत्तर म्हणजे टेप ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवली की ती कोणत्याही नेटवर्कला जोडलेली राहत नाही. हॅकर सर्व्हरमध्ये शिरला तरी कपाटातल्या टेपपर्यंत पोहोचू शकत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण २०११ सालचं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे मेल अचानक गायब झाले. गूगलच्या म्हणण्यानुसार हे प्रमाण ०.०२ टक्के होतं. गूगल प्रत्येक मेलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते, पण साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचं एक अपडेट सदोष निघालं आणि त्या प्रतींनाही फटका बसला. टेप मात्र ऑफलाइन होत्या, त्यामुळे त्यांच्यावरचे मेल वाचले आणि तेच परत भरण्यात आले.

फर्मवेअर म्हणजे काय?

टेप ड्राइव्हच्या आत एक छोटा संगणकच असतो. फीत किती वेगाने फिरवायची, हेड कुठे न्यायचं, वाचताना चूक आली तर ती कशी दुरुस्त करायची, हे सगळं तो ठरवतो. त्याच्यासाठी लिहिलेला आणि ड्राइव्हच्या चिपमध्ये कायम साठवलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर.

तुमच्या मोबाइलला जसं अपडेट येतं तसंच कंपनी ड्राइव्हसाठीही नवं फर्मवेअर काढते. मात्र दोन मोठे फरक आहेत. मोबाइल स्वतःच अपडेट शोधतो, इथे ते माणसाने शोधून टाकावं लागतं. आणि मोबाइल बंद पडला तर आपली अडचण होते, टेप ड्राइव्ह बंद पडला तर अख्ख्या संस्थेचा बॅकअप अडकतो.

अपडेट कधी करावं?

नवी आवृत्ती आली म्हणून लगेच टाकायलाच हवी असं नाही. प्रत्येक आवृत्तीसोबत कंपनी बदलांची यादी देते. ती आधी वाचा. पुढीलपैकी काही असेल तर अपडेट करणं योग्य ठरतं:

• तुमच्याकडे जी अडचण येते, तीच त्या यादीत दुरुस्त झाल्याचं लिहिलेलं असेल.
• सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, बॅकअप सॉफ्टवेअर किंवा टेप लायब्ररी बदलणार असाल आणि त्यासाठी ठरावीक आवृत्ती लागत असेल.
• कंपनीच्या सपोर्टने तपासणीनंतर अपडेट करायला सांगितलं असेल.
• सुरक्षेशी किंवा माहिती खराब होण्याशी संबंधित दुरुस्ती असेल.

ड्राइव्ह वारंवार एरर देत असेल तर आधी साध्या गोष्टी तपासा. क्लीनिंग टेप कधी घातली होती? दुसरी टेप घातली तरी तोच एरर येतो का? केबल सैल आहे का? धुळीने मळलेलं हेड फर्मवेअर बदलून स्वच्छ होत नाही. ड्राइव्ह स्वतःच साफसफाई मागत असेल तर ती आधी करा.

वेळ कोणती निवडायची?

याच जिल्ह्यात, लोणीजवळच्या प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं आणि राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीला सुरुवात झाली. तेव्हापासून इथलं आर्थिक वर्ष उसाच्या हंगामाभोवती फिरतं. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल गाळप चालू असतं. वजनकाट्याच्या नोंदी रात्रंदिवस सर्व्हरवर येत असतात. त्या काळात बॅकअपच्या यंत्राला हात लावू नये. बँका आणि पतसंस्थांसाठी ३१ मार्चच्या आधीचे आणि नंतरचे दिवसही टाळावेत.

हंगाम संपल्यावरचा काळ सोयीचा. फक्त मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वादळ येतं आणि लाइट जाते, हे लक्षात ठेवून काम सकाळी उरकावं.

आधीची तयारी

१. ड्राइव्हची पूर्ण ओळख लिहून घ्या. कंपनी, मॉडेल, एलटीओची पिढी, अर्ध्या उंचीचा की पूर्ण उंचीचा, सर्व्हरला एसएएसने जोडलेला आहे की फायबर चॅनेलने आणि सध्याची फर्मवेअर आवृत्ती. यातली एक गोष्ट वेगळी असली तरी फर्मवेअरची फाइल वेगळी असते.

२. ज्या कंपनीच्या नावाने ड्राइव्ह घेतला, तिच्याच अधिकृत साइटवरून फाइल घ्या. आतलं यंत्र एकाच कारखान्यातलं असलं तरी वेगवेगळ्या ब्रँडची फर्मवेअर वेगळी असतात. काही वेळा फाइल फक्त वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्या ग्राहकांनाच मिळते. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली किंवा भलत्याच साइटवरची फाइल वापरू नका.

३. जुन्या आवृत्तीची फाइलही जपून ठेवा. परत मागे जाता येतं का, हे बदलांच्या यादीत पाहा. काही वेळा मागे जाण्याची सोय नसते.

४. त्या दिवसाचा पूर्ण बॅकअप आधी घ्या आणि त्याची एक प्रत टेपशिवाय दुसरीकडे, म्हणजे वेगळ्या डिस्कवर ठेवा. अपडेटनंतर ड्राइव्ह दोन दिवस बंद राहिला तरी काम अडता कामा नये.

५. टेपवरची माहिती सांकेतिक स्वरूपात लिहिली जात असेल, तर तिची किल्ली कुठे आहे आणि कोणाकडे आहे याची खात्री करा. एलटीओ-४ पासून ही सोय ड्राइव्हमध्येच असते. किल्ली हरवली तर ड्राइव्ह कितीही चांगला असला तरी टेप वाचता येत नाही.

६. सर्व्हर आणि ड्राइव्ह दोन्ही यूपीएसवर आहेत का आणि यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का, ते पाहा.

प्रत्यक्ष अपडेट

१. चालू असलेले आणि वेळापत्रकात लावलेले सगळे बॅकअप थांबवा. बॅकअप सॉफ्टवेअरच्या पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवाही बंद करा. त्या मधूनमधून ड्राइव्हची विचारपूस करत असतात आणि त्यामुळे अपडेट अर्धवट राहू शकतं.

२. ड्राइव्हमधली टेप बाहेर काढा.

३. कंपनीने दिलेलं साधन वापरा. आयबीएम, एचपीई अशा कंपन्यांची टेप ड्राइव्ह तपासण्याची स्वतंत्र मोफत साधनं आहेत, त्यातूनच फर्मवेअर टाकता येतं. ड्राइव्ह टेप लायब्ररीत बसवलेला असेल तर ते लायब्ररीच्या वेब पानावरून होतं. लायब्ररीचं फर्मवेअर आणि ड्राइव्हचं फर्मवेअर वेगळं असतं, दोन्ही एकमेकांना चालतात का ते आधी पाहा.

४. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर एका वेळी एकच करा. पहिला पूर्ण तपासून झाल्यावरच दुसऱ्याला हात लावा.

५. अपडेट चालू असताना दिवे लुकलुकतात, शेवटी ड्राइव्ह आपोआप बंद होऊन चालू होतो. या काळात स्विच, केबल, सर्व्हर कशालाही हात लावू नका. 'अडकलंय वाटतं' म्हणून बटण दाबणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक.

६. ड्राइव्ह पुन्हा तयार झाला की नवी आवृत्ती दिसते का ते पाहा आणि तारखेसह नोंदवून ठेवा.

मध्येच लाइट गेली तर?

फर्मवेअर चिपवर लिहिलं जात असताना वीज गेली तर ड्राइव्ह अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. वीज आल्यावर तो सर्व्हरला दिसत असेल, तर त्याच पद्धतीने पुन्हा अपडेट करून पाहता येतं. दिसतच नसेल तर उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता कंपनीच्या सपोर्टला कळवा. बऱ्याचदा ड्राइव्ह बदलावा लागतो.

मात्र घाबरण्याचं कारण नाही. ड्राइव्ह निकामी झाला म्हणून कपाटातल्या टेपवरची माहिती पुसली जात नाही. त्या पिढीची टेप वाचणारा दुसरा ड्राइव्ह मिळाला की ती परत वाचता येते. म्हणूनच असा दुसरा ड्राइव्ह जवळपास कोणाकडे आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

जुन्या टेप वाचता येतील का?

फर्मवेअर बदलल्याने ड्राइव्हची पिढी बदलत नाही. एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकायचा. एलटीओ-८ आणि एलटीओ-९ चे ड्राइव्ह फक्त एकच पिढी मागे जातात. २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० तर आधीच्या कोणत्याही पिढीची टेप वाचत नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. सहकारी बँकांनी नोंदी किती काळ जपायच्या याचे १९८५ चे नियम आहेत. त्यांनुसार काही नोंदी ५ वर्षं तर काही ८ वर्षं ठेवाव्या लागतात. २०१७ मध्ये एलटीओ-८ वर लिहिलेली टेप ८ वर्षांची होईपर्यंत बाजारात एलटीओ-१० आला. टेप शाबूत, पण ती वाचणारा जुना ड्राइव्ह भंगारात गेलेला, अशी वेळ येऊ शकते. नवा ड्राइव्ह घेतला तरी जुना लगेच मोडीत काढू नका. आधी जुन्या टेप नव्यावर उतरवून घ्या.

काम पूर्ण झालं, असं कधी म्हणायचं?

पडद्यावर 'अपडेट यशस्वी' असं दिसलं म्हणजे काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. पण त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की नवा प्रोग्रॅम चिपवर लिहिला गेला. तुमची जुनी टेप वाचता येते का, हे तो सांगत नाही. म्हणून आणखी दोन चाचण्या करा:

• लिहिण्याची चाचणी: रिकाम्या टेपवर छोटा बॅकअप घ्या आणि तो परत उतरवून पाहा. एलटीओ-९ ची नवीकोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची स्वतःची जुळणी करतो, त्याला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तो बिघाड नाही.

• वाचण्याची चाचणी: अपडेटच्या आधी लिहिलेली, शक्यतो सर्वांत जुनी टेप काढा. तिच्यावरची लिहिण्यापासून संरक्षण देणारी छोटी खिटी सरकवून बंद करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. मग एखादी फाइल वेगळ्या जागी परत आणा आणि उघडून बघा. आकडे जुळतात का, ते त्या विभागातल्या माणसाला दाखवा.

दुसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते. बॅकअपची किंमत तो परत वाचता आला तरच असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा रुग्णालयाला बरेच दिवस कागदावर काम करावं लागलं. रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, कारण एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ पोहोचली नव्हती आणि तो वाचता आला.

थोडक्यात

• कारण असेल तरच अपडेट करा, हंगामात किंवा वर्षअखेरीस नको.
• मॉडेल जुळवून अधिकृत फाइलच घ्या, आधी दुसरीकडे बॅकअप ठेवा.
• टेप बाहेर, बॅकअप सेवा बंद, यूपीएस चालू आणि एका वेळी एकच ड्राइव्ह.
• जुन्या टेपवरची फाइल उघडून बघितल्याशिवाय काम संपलं म्हणू नका.

तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे सभासद किंवा कारखान्याचे ऊस उत्पादक असाल, तर तुम्हाला ड्राइव्हला हात लावायची गरज नाही. पण वार्षिक सभेत एक प्रश्न नक्की विचारता येईल: "आपल्या बॅकअपमधून फाइल परत काढून शेवटचं कधी पाहिलं होतं?" उत्तरात तारीख मिळाली, तर तुमच्या नोंदी चांगल्या हातात आहेत.