पुढचा शाफ्ट का निघाला? आपल्या भागातल्या जुन्या जीपांची गोष्ट



या वर्षीची भातलावण उरकली. दरवर्षीप्रमाणे जीप गोठ्यापुढं आडवी लावून दोन्ही हौसिंगचे ऑईलचे बोल्ट खोलले. मुलाचे दोन मित्र आले होते, शहरातले. त्यातला एक गाडीखाली वाकून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला पुढचा शाफ्ट अजून आहे? पुण्यातल्या निम्म्या जुन्या जीपांना नसतो." त्याचं खरं आहे. पण का नसतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण ही गोष्ट जीपची जेवढी आहे तेवढीच आपल्या शेतीची आहे.

जीप जन्मली लढाईत. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. लढाई संपल्यावर एवढ्या गाडीचं करायचं काय? विलीजनं १९४५ सालीच सीजे टू-ए नावाची जीप काढली ती चक्क शेतकऱ्यासाठी. मागं नांगर ओढायला दांडा, आणि ट्रॅक्टरला असतो तसा पीटीओ. ज्यांच्याकडं जुनी जीप आहे त्यांनी खाली वाकून बघा, गिअरबॉक्सच्या मागं जो छोटा गिअरबॉक्स असतो, म्हणजे ट्रान्सफर केस, त्याला मागच्या अंगाला एक झाकण आहे. त्याला काही कामच दिसत नाही. ते झाकण पीटीओसाठी ठेवलेलं आहे. आपल्याकडं कुणी वापरलं नाही, पण जागा तशीच राहिली.

युद्धातल्या जीपपेक्षा या शेतीच्या जीपचा गिअर जास्त जड केला होता. हा हिशेब आपल्या कामाचा आहे. तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि हौसिंगमधला क्राऊन-पिनियन ५.३८. तिन्हीचा गुणाकार करा, ३७ येतात. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन नुसतं आयडलिंगला ठेवलं तर गाडी बैलाच्या चालीनं चालते. चिखलात ताकद लागते ती ही, वेग नव्हे.

आपल्याकडं ही गाडी आणली महिंद्रांनी. कंपनी १९४५ ची, पोलादाच्या व्यापाराची, आणि नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ ला नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं आणि १९४९ ला मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार व्हायला लागली. पुढं उंच बॉनेटची सीजे थ्री-बी आली. बॉनेट उंच का, तर नव्या इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडात बसवले होते, त्यामुळं इंजिनच उंच झालं. लोकांना वाटतं ती फॅशन होती.

तेव्हा जीप शेतकऱ्याची नव्हती. १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली, नंतर १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि गावात जीप दिसली म्हणजे बीडीओ नाहीतर इंजिनिअर साहेब आला असं समजायचं. दुसरी जीप लष्कराची. पुण्याला खडकी, देहूरोड, कॅम्प, एनडीए, सगळीकडं लष्कर. जुन्या झालेल्या गाड्या लिलावात निघायच्या, व्यापारी घ्यायचे, आणि त्यांच्याकडून फिरत फिरत आपल्यासारख्याच्या दारात यायच्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द माझ्या वयाच्या सगळ्यांनी ऐकलाय. सुटे भाग नाना पेठेत, आणि तिथं मिळाले नाहीत तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात.

आमच्या तात्यांनी १९८३ ला थ्री-बी घेतली, पेट्रोलची, चौथ्या की पाचव्या हाताची. मी चौदा वर्षांचा होतो. सिंहगडाच्या बाजूला आमचं भाताचं रान आहे, तिकडं जायचा रस्ता पावसाळ्यात म्हणजे नुसता राडा. बैलगाडीचा कणा तिथं दोनदा मोडला होता. जीपनं तो चढ पहिल्याच वर्षी बी-बियाणं आणि सहा माणसं घेऊन काढला. तात्या दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हते.

पण पेट्रोल परवडेना. १९७३ ला अरबांनी तेलाचे भाव चढवले तेव्हापासून पेट्रोलच्या गाड्यांचे दिवस फिरले होते, आणि आपल्या देशात सरकार डिझेल स्वस्त ठेवायचं. कंपनीनं स्वतःच त्यावर उपाय काढला आणि तो आपल्या ओळखीचा निघाला. १९६३ ला महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, बी-२७५ ट्रॅक्टर तिचाच. त्याच घराण्यातलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन पुढं जीपमध्ये बसवलं. आवाज ट्रॅक्टरचा, धूर ट्रॅक्टरचा, आणि मुख्य म्हणजे मिस्त्रीही ट्रॅक्टरचाच चालायचा. ऐंशीच्या दशकात पेझो कंपनीच्या परवान्याचं डिझेल इंजिन आलं, ते हलकं आणि जास्त फिरणारं. गॅरेजवाल्यांनी मग काहीही बसवलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरचं इंजिन बसवलेल्या जीपा मी स्वतः बघितल्यात, चांगल्या चालायच्या.

इथं गाडी फसली, आणि माझं जे म्हणणं आहे ते इथंच आहे.

डिझेल इंजिन पेट्रोलएवढे फेरे घेत नाही. हौसिंगमध्ये ५.३८ चा जड क्राऊन-पिनियन तसाच ठेवला तर डांबरी रस्त्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. आता पुण्याला भाजी घेऊन जाणाऱ्याला, वडाप करणाऱ्याला पळणारी गाडी पाहिजे. मग गॅरेजवाले मागच्या हौसिंगमध्ये ४.८८ चा क्राऊन-पिनियन टाकायचे. पुढचं हौसिंग तसंच ठेवायचे, खर्च वाचतो. पण चारही चाकं एकाच ट्रान्सफर केसवरून फिरतात. शाफ्टचे १०० फेरे झाले की ५.३८ च्या हौसिंगचं चाक साडेअठरा फेरे घेणार आणि ४.८८ चं साडेवीस. पुढची चाकं मागं ओढतात, मागची पुढं ढकलतात. चिखलात चाक घसरून ते निभावतं, कडक जमिनीवर काहीतरी तुटतंच. म्हणून गॅरेजवाला सोपा उपाय करायचा, पुढचा शाफ्टच काढून टाकायचा. मालकाला सांगायचा, "डिझेल वाचतं." थोडंफार वाचायचंही. शाफ्ट जुन्या बाजारात किलोवर जायचा. कंपनीनंही पुढं टू-व्हील ड्राइव्हच्या जीपा भरपूर विकल्या. असे आपल्या भागातल्या जीपांचे पुढचे पाय गेले.

आमचे तात्या हट्टी. १९९१ ला आखाती युद्धाच्या वेळी पेट्रोल पुन्हा चढलं तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर घराण्यातलं ते जुनं डिझेल इंजिन घेतलं आणि एका गॅरेजला बसवायला दिलं. एवढं सांगितलं होतं की पुढचा शाफ्ट काढायचा नाही. त्यांनी काढला नाही. पण मागचा क्राऊन-पिनियन न सांगता बदलला. "तात्या, आता गाडी रोडवर पळंल बघा," एवढंच म्हणाले. पळायलाही लागली, आम्ही खूश.

१९९४ च्या जुलैत लावणीच्या दिवशी आम्ही रानातून परत येत होतो. मागं पाच बाया बसलेल्या, स्टिअरिंग माझ्या हातात. चिखल संपून मुरमाचा चढ लागला तरी मी पुढचा गिअर काढला नाही, ती माझी चूक. अर्ध्या चढावर खालून दणका बसला. ट्रान्सफर केसमधल्या गिअरचे दात गेले. इंजिन चालू, पण चाकांना काहीच नाही. गाडी मागं सुटली. ब्रेक ओले, लागेनात. हँडब्रेक ओढला तर तोही घसरला. या जीपांचा हँडब्रेक चाकाला नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला ड्रम असतो त्यावर असतो, आणि तिथली ऑईल सील गळकी असली की तो ड्रम तेलात न्हालेला असतो. पंधरा-वीस फूट मागं जाऊन गाडी बांधाला टेकली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यातली एक मावशी पुढं कधी आमच्या गाडीत बसली नाही, पायी यायची. तिला काय म्हणणार?

गॅरेजवाला म्हणाला, "फोर व्हील टाकलीच कशाला?" मग मी स्वतः दोन्ही हौसिंग खोलली आणि दात मोजले. पुढं क्राऊनला ४३, पिनियनला ८. मागं ३९ आणि ८. दहावी पास माणसाला एवढा भागाकार येतो. शाफ्ट काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकला, विकला मात्र नाही. पुढं सहा-सात वर्षांनी जुन्या बाजारात ४३ दातांचा क्राऊन आणि त्याचा जोडीचा पिनियन भंगाराच्या भावात मिळाला. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनंच घ्यायचे, एकाचा क्राऊन दुसऱ्याचा पिनियन जमत नाही. तो मागं टाकला आणि शाफ्ट पुन्हा चढवला. गाडी रोडवर पळायची थांबली. तात्या म्हणाले, "पळायला एसटी आहे."

गंमत बघा, शाफ्ट न काढताही झीज वाचवता येते हे अमेरिकेत १९४८ सालीच शोधलं होतं. वॉर्न नावाच्या माणसानं पुढच्या चाकांच्या हबला असं कुलूप बसवलं की डांबरीवर ते उघडायचं. मग चाक मोकळं फिरतं आणि आतला ॲक्सल, क्राऊन, शाफ्ट स्वस्थ बसतात. चिखल आला की उतरून फिरवायचं. आमच्या गाडीला ते हब मुलानं आता बसवलेत. मी आधी नाही म्हणालो होतो, पण वस्तू चांगली आहे.

ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांच्यासाठी जे आम्ही करतो ते सांगतो. पाण्यातून गाडी काढल्यावर हौसिंग गरम असतं, थंड पाण्यात बुडालं की ते सीलमधून पाणी आत ओढतं. ऑईल ताकासारखं पांढरं निघालं तर समजा पाणी गेलं, त्याच आठवड्यात बदला, नव्वद नंबरचं. हौसिंगच्या वरचं श्वास घ्यायचं छोटं टोपण चिखलानं बुजलेलं असतं, ते मोकळं करा. गिअरबॉक्सचं ऑईल कमी आणि ट्रान्सफर केसचं जास्त दिसलं तर चोरी झालेली नाही, मधल्या सीलमधून ते तिकडं जातं. डिझेल इंजिन जड, पुढचे पाटे बसतात, त्यांना एखादा पाटा वाढवावा लागतो. आणि पुढचा गिअर टाकून डांबरीवर गेलात आणि लिव्हर अडकला, तर हिसके देऊ नका, गाडी थोडी मागं घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर आपोआप निघतो.

टायरबद्दल मुलाशी माझं अजून पटत नाही. आमच्या गाडीला ६.००-१६ चे अरुंद टायर आहेत. हाच नंबर लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला असतो, पण तो पट्ट्यांचा टायर जीपला घालू नका, त्याला ओढायची नक्षी नसते. मुलाला ३१ इंची रुंद टायर पाहिजेत. गोव्यात २०१४ पासून पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या शर्यती भरायला लागल्या, तिथले व्हिडिओ बघून पोरांना ते आवडतं. त्यांचं चुकीचं नाही, त्यांचा चिखल वेगळा. भाताच्या खाचरात वर लोणी आणि खाली घट्ट तळ असतो, अरुंद टायर लोणी कापून तळाला लागतो. शिवाय मोठा टायर म्हणजे गिअर हलका झाला, ३७ चा हिशेब गेला, आणि सगळा ताण आतल्या ॲक्सलवर.

आता इंजिन बदलणं पूर्वीसारखं नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं जी बनवली त्याच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. आमच्या आरसी बुकात डिझेलची नोंद तेव्हाच करून घेतलेली आहे म्हणून दर पाच वर्षांनी पासिंगला अडचण येत नाही. ज्यांनी नोंदच केली नाही त्यांच्या गाड्या रानातच उभ्या आहेत. जुनी जीप घेताना आधी बुक बघा, मग बॉनेट उघडा.

तर त्या पोरानं वाकून बघितलेल्या शाफ्टची ही गोष्ट. जे पुढचे शाफ्ट आणि हौसिंग लोकांनी किलोवर घातले तेच आता ही पोरं जुन्या बाजारात शोधत फिरतात, आणि विक्रेते सांगतील ती किंमत देतात. माझा विकायचा नाही. परवा मागच्या तोंडाची सील पुन्हा थोडी ओली दिसली. ड्रम काढून पुसला, नवी सील बसवली, आणि चढावर पाच माणसं बसवून हँडब्रेक ओढून बघितला. थांबली.