झीलकऱ्यांवाचून शाहीर

श्रोतेहो, नेरूळ म्हटले की एके काळी खाडीकाठची भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची घरे डोळ्यांपुढे उभी राहत. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसली, आणि आता त्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर परदेशचे गायक येतात. 2019 च्या डिसेंबरात आयर्लंडचा ‘यू-टू’ हा संच तेथे गायला. 2025 च्या जानेवारीत इंग्लंडच्या ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले. या संगीताला रॉक म्हणतात. विजेवरची गिटार, मोठाले ड्रम आणि खडा आवाज. हे काही आपल्यातलं नव्हे, असं म्हणून आपण पुढे जातो. पण मंडळी, या संगीतातला एक थोर गायक आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला शिकला, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्याचे नाव फारुख बलसारा. जन्म 1946 चा, झांझिबार बेटावरचा, पारशी कुटुंबातला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवले. तेथे तो पियानो शिकला, आणि सोबत्यांनी त्याला ‘फ्रेडी’ हाक मारायला सुरुवात केली. 1958 च्या सुमारास पाच शाळासोबत्यांनी एक ताफा काढला. गंमत अशी, की त्यात मुख्य गाणारा दुसराच होता. आपला फारुख पियानोवर बसे, म्हणजे साथीला असे.

1964 साली झांझिबारात क्रांती झाली. बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. 1970 साली फारुख तेथे फ्रेडी मर्क्युरी झाला आणि ‘क्वीन’ या संचाचा गायक बनला.

आता आपल्या पोवाड्याची आठवण करा. शाहीर पुढे असतो, मागे झीलकरी. चौकामागून चौक येतात, मध्येच चाल बदलते, मध्येच गद्य येते. 1970 च्या आसपास इंग्लंडात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाचा जो प्रकार रुजला, त्याची बांधणी काहीशी अशीच. गाणी लांब, लय बदलणारी, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातून उसनवारी करणारी. क्वीनची सुरुवातीची गाणी याच वळणाची. 1975 चे त्यांचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचे. तिघांचे आवाज एकावर एक इतक्या वेळा मुद्रित केले, की ऐकणाऱ्याला वाटावे, शेकडो माणसे गात आहेत! एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका होती. लंडनच्या एका रेडिओ निवेदकाने ते पुन्हा पुन्हा लावले, आणि ते विलायतेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पुढे हा संचही सोप्या चालींकडे वळला. तरीसुद्धा चौघांचे चार मार्ग. प्रत्येक गाण्यावर वाद, प्रत्येक सुरावर खल. फ्रेडीला वाटले असेल, एकदा आपल्या मनासारखं गाऊन पाहू. जर्मनीतल्या म्युनिक शहरी जाऊन त्याने एकट्याच्या नावावर अकरा गाण्यांची तबकडी केली: ‘मिस्टर बॅड गाय’. ती 1985 च्या एप्रिलात निघाली. गाणी सरळ, प्रेमाची, नाचाच्या ठेक्याची, एकदा ऐकली की ओठांवर राहणारी. तबकडी त्याने अर्पण केली, तीही आपल्या मांजराला!

लोकांनी ती उचलली का? विलायतेत सहाव्या क्रमांकापर्यंत ती गेली. क्वीनच्या मानाने हे यश बेताचेच. गळा तोच होता, चालीही गोड होत्या. मग कमी काय पडले? मला वाटते, झील कमी पडली. ‘हे नको, असं कर’ म्हणणारे मागे कोणी नव्हते.

आणि तीनच महिन्यांनी, 13 जुलै 1985 रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेंब्ली मैदानावर मोठा जलसा झाला. क्वीनचे चौघे वीस-एक मिनिटे गायले. सत्तर हजारांवर माणसांनी एकाच वेळी टाळ्यांचा ठेका धरला. त्या दिवसाची आठवण लोक अजून काढतात.

मात्र एकट्याने केलेली मेहनत वाया गेली, असे समजू नका. 24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्सच्या आजाराने फ्रेडी वारला. मागे राहिलेल्या तिघांनी त्याच तबकडीतली दोन गाणी घेतली. आवाज त्याचा तसाच ठेवला आणि साथ नव्याने आपली दिली. 1995 साली ती ‘मेड इन हेवन’ या तबकडीत निघाली, आणि ही तबकडी विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेली. दहा वर्षे उशिरा का होईना, शाहिराला त्याचे झीलकरी मिळाले. ऐकायला तो मात्र नव्हता.

गुरुजनहो, नेरूळला येऊन गेलेल्या यू-टूच्या चौघांचा मेळ 1976 साली डब्लिनच्या एका शाळेतच जमला होता. पाचगणीचा तो मुलगाही शाळेत आधी साथच करत होता. तेव्हा आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणाऱ्याचे नाव पुकाराल, तेव्हा मागे पेटीवर बसलेल्या मुलाचेही नाव पुकारा.