माशीचा मासा

बँकेतला कारकून दिवसभर माश्या मारतो, असा खातेदारांचा एक जुना आणि ठाम समज आहे. त्यावर मी वाद घालत नाही. तीस माणसांच्या रांगेशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय? पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चांगली शिकलीसवरली माणसं रात्र रात्र जागून माश्या बांधतात, हे वाचलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

ही माशी म्हणजे गळावर पिसं आणि केस दोऱ्याने आवळून केलेलं खोटं भक्ष्य. तिकडे तिला 'फ्लाय' म्हणतात. नदीतल्या ट्राउट माशासाठी ती खरोखरच माशीएवढी करत. पण समुद्रातल्या स्ट्राइप्ड बासपुढे नखाएवढी माशी टाकणं म्हणजे पंगतीला बसलेल्या पैलवानाला नुसती बडीशेप देणं. या माशाच्या चंदेरी अंगावर सात-आठ आडव्या काळ्या रेघा असतात, अगदी आखलेल्या लेजरसारख्या. भूक मात्र कुठल्याच लेजरात न मावणारी. त्याचं एक आवडतं खाणं म्हणजे मेनहेडन, आपल्या तारलीच्या जातकुळीतला, पण फूटभर वाढणारा मासा. तेव्हा माशीही फूटभर हवी. म्हणजे माशीचा मासाच करायला हवा.

आणि इथेच माशी शिंकली. साध्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरा मागून फरफटत जातो. फ्लायच्या खेळात सगळं उलटं. जाड दोरीच वजनदार; ती हवेत मागे-पुढे झुलवून फेकायची आणि माशीने वऱ्हाडातल्या पाहुण्यासारखं तिच्या जिवावर फुकट जायचं. पाहुणा हलका असेल तोवर ठीक. पण फूटभर पिसांचा झुबका भिजला की त्याची ओली गोधडी होते, आणि ओली गोधडी वाऱ्यात साठ फूट फेकणारा अजून जन्माला यायचाय. तेव्हा दिसायला मोठं आणि वजनाला काही नाही, असं काहीतरी हवं होतं. आमच्याकडे त्याला पगारवाढीविना बढती म्हणतात.

हे कोडं सोडवलं मेरिलंडच्या लेफ्टी क्रे यांनी (१९२५–२०१८). हा गृहस्थ मुळातच अफाट. महायुद्धातून परतल्यावर लष्कराच्या जैविक संशोधन केंद्रात नोकरी केली, तिथे अँथ्रॅक्स झाला, तर त्यांच्याकडून मिळालेल्या जंतूच्या वाणाला त्यांच्याच नावाची आद्याक्षरं मिळाली! आम्हाला बँकेत पंख्याखालचं टेबल मिळत नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरात बासच्या मागे लागले असताना क्रे यांना एक गोष्ट सतावत होती. लांब पिसं गळाच्या पुढच्या टोकाला बांधली की फेकताना ती गळाच्या वाकाला गुंडाळी घालत. मग माशाला दिसे तो मासा नव्हे, गुंता. क्रे यांनी पिसं मागे नेली. कोंबड्याच्या पाठीवरची लांब, मऊ अशी सहा-आठ पिसं गळाच्या दांडीच्या मागच्या टोकाला, वाक सुरू होतो तिथे बांधली. पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर, अशी की ती मागच्या जोडावर पांघरुणासारखी यावी. गुंता संपला. पाण्यात ती माशी माशासारखी अंग हलवी, आणि बाहेर ओढताच पाणी टाकून सडपातळ होई. तिचं नाव 'लेफ्टीज डिसीव्हर', म्हणजे आपल्या भाषेत लेफ्टीचा ठकसेन. १९९१ साली अमेरिकन टपाल खात्याने २९ सेंटच्या तिकिटावर या ठकसेनाचं चित्र छापलं.

पुढे न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी आणखी कमाल केली. धंदा रेस्टॉरंटचा, नजर मात्र कोष्ट्याची. हरणाच्या शेपटीचे केस त्यांनी उलटे, म्हणजे पुढच्या दिशेने बांधले, मग मागे परतवून दोऱ्याचा बांध घातला. असे विरळ थर एकापुढे एक. बाहेरून भरलेला मासा, आत नुसती पोकळी! एका थरात चिमूटभर जास्त केस घातले की पुन्हा गोधडी. हात आखडता घेणं हीच इथली कारागिरी, आणि माझ्या मते हे काम कॅशियरने चटकन शिकावं.

एवढी अक्कल ज्या माशासाठी खर्च झाली, तो मात्र मधल्या काळात जवळजवळ हातचा गेला होता. त्याचा फार उपसा करू नये, हे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीला १६३९ सालीच सुचलं होतं. बास शेतात खत म्हणून टाकायला तिने कायद्याने बंदी केली होती. तरी १९८० च्या सुमारास तो इतका घटला की १९८४ मध्ये केंद्र सरकारला कायदा करावा लागला आणि १९८५ पासून मेरिलंडने त्याच्या मासेमारीवर मोरॅटोरियम लावला. हा शब्द ऐकला की आम्हा बँकवाल्यांच्या पोटात गोळाच येतो. ठेवीदार दारात, दाराला कुलूप! पण इथे ठेवीदारांनी कळ काढली. १९९० मध्ये कुलूप निघालं, आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं.

पण २०१९ च्या मोजदादीत खातं पुन्हा खालावलेलं निघालं. २०२३ मध्ये समुद्रात हौसेने धरणाऱ्यांसाठी ३१ इंचांवरचा मासा घरी नेण्याला मनाई झाली, कारण मोठे मासे बहुतेक माद्या, आणि पुढची अंडी त्यांच्याच पोटात. म्हणजे रात्रभर जागून फूटभर माशी बांधायची, पहाटे गुडघाभर लाटांत उभं राहायचं, चाळीस इंची धूड गळाला लागलं की अर्धा तास हरखून जायचं, आणि चिमट्याने गळ सोडवून त्याला परत समुद्रात सोडायचं. ही मंडळी गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट करून ठेवतात, सोडवताना त्याला इजा कमी व्हावी म्हणून.