वीस गुणांची गोष्ट

माझं बालपण पुण्याच्या कसबा पेठेत गेलं. शेख सल्ल्याचा दर्गा एका बाजूला, तांबट आळी दुसऱ्या बाजूला. सकाळ उजाडायची ती तांब्यावर पडणाऱ्या ठोक्यांनी. तांबट हंडे, घागरी, पातेली घडवायचे आणि माझे अब्बा त्यांना कल्हई करायचे. भट्टीवर भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं ते आतून पसरायचं. अब्बांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या हाती भांडं देताना ते आधी आतून दाखवायचे. बाहेरची चकाकी चिंचेनंही येते, ते म्हणायचे, अन्न आत शिजतं.

अब्बांचं हे बोलणं मला पुष्कळ वर्षांनी, २०१६ साली आठवलं. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती. मराठीच्या तोंडी परीक्षेसाठी तिनं आठ दिवस तयारी केली. आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिचा ‘ळ’ कधीकधी घसरतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आरशासमोर उभी राहून उतारे वाचायची, एका विषयावर न अडखळता दोन मिनिटं बोलून पाहायची. परीक्षेच्या दिवशी घरी आली ती गप्पच. मी विचारलं, “काय विचारलं गं?” म्हणाली, “काहीच नाही. सही घेतली आणि जा म्हणाले.” गुण मिळाले वीसपैकी एकोणीस. वर्गात जवळजवळ सगळ्यांनाच अठरा ते वीस. तिचं नुकसान झालं असं कोण म्हणेल? पण ती दोन दिवस रुसून होती.

मित्रहो, शाळेनं आपल्याच विद्यार्थ्याला दिलेल्या गुणांवर बाहेरच्या जगानं विश्वास का ठेवावा, हा प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं एकाच मोठ्या परीक्षेचं ओझं कमी करून वर्षभराच्या मूल्यमापनावर भर दिला आहे. विचार चांगला आहे. पण प्रश्न जुना आहे, आणि आमच्या पेठेच्या आसपासच त्याचा बराच इतिहास सापडतो.

कसब्याला लागूनच शनिवारवाडा. पेशवाईत श्रावणात विद्वानांना दक्षिणा दिली जाई. कोण किती शिकलेला आहे, हे शास्त्री मंडळी पारखत आणि त्याप्रमाणे रक्कम ठरे. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. दक्षिणावाटपाच्या वेळी त्यांचे सख्खे भाऊ समोर आले. शेजारी असलेल्या नाना फडणवीसांनी मोठी रक्कम सुचवली. शास्त्रीबुवांनी नकार दिला. यांची विद्या सामान्य, तेव्हा सरकारातून इतरांइतकेच मिळतील. भाऊ म्हणून जे करायचं ते मी माझ्या घरातून करीन, असं त्यांनी सांगितलं म्हणतात. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरातले असतील तर काय करावं, याचा इतका स्वच्छ धडा दुसरा नसेल. अडचण एवढीच, की प्रत्येक शाळेला रामशास्त्री मिळत नाही. व्यवस्था उभारायची ती साध्या, भिडस्त, नोकरी सांभाळणाऱ्या माणसांना धरून.

इंग्रजी अमलात वेगळा मार्ग निघाला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. उत्तीर्ण झाले अवघे २१. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. इथं शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. कुणाचा मुलगा, कुठल्या आळीचा, हे बाजूला राहिलं आणि उत्तरपत्रिका बोलू लागली. आजही दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. माझ्यासारखं नाव असलेल्या मुलाला त्या आकड्याचा किती आधार वाटतो, हे मी अनुभवानं सांगतो. बाहेरच्या परीक्षेला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्याची कुठे ओळख नाही, त्याला अनोळखी परीक्षक बरा वाटतो.

पण या मार्गाचीही दुसरी बाजू लवकरच दिसली. त्याच काळात मुंबई इलाख्यात ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आली. सरकारी अधिकारी शाळेत येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबानं शाळेला पैसे मिळणार. शाळेची भाकरीच गुणांना बांधली गेली. मग तपासनीस येईपर्यंत घोकंपट्टी आणि तो गेला की विस्मरण. १८८२ साली हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात या पद्धतीवरही बोट ठेवलं होतं. ज्या समाजात शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे, तिथं ही पद्धत उपयोगाची नाही. तिच्यावर कुणा शिक्षकाचं पोट भरणार नाही आणि म्हणून तिथं कुणी शाळा काढणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बुधवार पेठेत, भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवलेल्या माणसाचं हे निरीक्षण होतं. गुण ही मोजपट्टी आहे तोवर ठीक. ती चलन झाली की मोजणारा आणि मोजला जाणारा दोघंही बदलतात.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एसएससीनं घेतली. १९४९ मध्ये पहिली एसएससी परीक्षा झाली आणि १ जानेवारी १९६६ ला आजचं राज्य मंडळ स्थापन झालं, मुख्यालय पुण्यातच. त्याच वर्षी कोठारी आयोगाचा अहवाल आला. या आयोगाचे सदस्य सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी स्थापलेली भारतीय शिक्षण संस्था पुढे पुण्यात आली. आयोगाचं म्हणणं असं, की एका लेखी परीक्षेत मुलाचं सगळं दिसत नाही, म्हणून शाळेनंही मूल्यमापन करावं. मात्र शाळेचे गुण आणि मंडळाचे गुण एकमेकांत मिसळू नयेत. प्रमाणपत्रावर दोन्ही वेगवेगळे दाखवावेत. साधी सूचना आहे, पण फार शहाणपणाची. दोन आकडे शेजारी ठेवले की ते एकमेकांची साक्ष देतात. एका शाळेत सगळ्यांना तोंडीत वीस आणि लेखीत तिशी गाठताना दमछाक, हे कुणालाही दिसेल. दोन्ही आकडे एका बेरजेत बुडवले, की काही दिसत नाही.

आपण नेमकी बेरीज केली. लेखीचे ऐंशी, शाळेचे वीस आणि पासाला दोन्ही मिळून पस्तीस. शाळेनं वीस दिले की लेखीत पंधरा पुरतात. आता या दोन भागांची तपासणी कशी होते ते पाहा. लेखी उत्तरपत्रिका परीक्षक तपासतो, त्यावर नियामक असतो, नियामकावर मुख्य नियामक. निकालानंतर विद्यार्थी छायाप्रत मागू शकतो. म्हणजे एका गुणामागे दोन-तीन डोळे. शाळेच्या वीस गुणांच्या नोंदी शाळेनं ठेवायच्या असतात. पण त्यांच्यामागे अशी माणसांची रांग उभी नसते. आणि न घेतलेल्या तोंडी परीक्षेची छायाप्रत कुठून आणणार?

मग २०१८-१९ मध्ये शासनानं भाषा आणि समाजशास्त्रांचे हे वीस गुण काढून टाकले. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ चा ७७.१० टक्के लागला. बारा टक्क्यांची घसरण. त्याच वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचं स्वरूपही बदललं होतं, त्यामुळे सगळा दोष एकट्या वीस गुणांवर टाकता येत नाही. पण महाराष्ट्रात हलकल्लोळ झाला. केंद्रीय मंडळाच्या मुलांना अंतर्गत गुण आहेत, आमच्या मुलांना नाहीत, मग अकरावीच्या रांगेत ती मागे पडणार, अशी पालकांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, हेही लक्षात घ्यावं. तरी गुण काढले, गुण घातले, या दोन्ही वेळी एक प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही: त्या वीस गुणांसाठी मुलांना खरंच काही विचारलं जातं का?

खरी कसोटी लागली २०२१ मध्ये. करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे पन्नास गुण, दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी चाचण्यांचे तीस आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांचे वीस, असं सूत्र ठरलं. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती नेमली गेली. शिक्षकांनी अतिशय कठीण काळात ते काम केलं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. निकाल लागला ९९.९५ टक्के. आणि निकाल लागण्याआधीच अकरावी प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा घेण्याचं ठरलं होतं. ती ऐच्छिक होती, पण प्रवेशात तिला प्राधान्य होतं. उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०२१ ला ती रद्द केली. म्हणजे ज्या व्यवस्थेनं शाळांना गुण द्यायला सांगितलं, तिचाच त्या गुणांवर भरवसा बसत नव्हता. आणीबाणीच्या दिवशी शाळांवर विसंबावं लागलं, तेव्हा कळलं की विसंबण्याची सवय आणि साधनं आपण कधी तयारच केली नव्हती.

असं फक्त आपल्याकडेच झालं, असं नाही. २०२० मध्ये स्कॉटलंडमध्येही परीक्षा रद्द झाल्या आणि शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या. त्या फुगल्या असतील म्हणून परीक्षा यंत्रणेनं शाळांचे मागच्या वर्षांचे निकाल पाहून त्या दुरुस्त केल्या. सव्वा लाखाच्या आसपास निकाल खाली आले आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फटका बसला. शाळेचा पूर्वीचा निकाल साधा, म्हणून या वर्षीची हुशार मुलगीही साधीच, असा तो हिशेब. आठवड्याभरात सरकारला माघार घ्यावी लागली. कागदावरच्या आकडेमोडीनं विश्वास आणता येत नाही. त्यासाठी मुलाचं काम पाहावं लागतं.

काम पाहण्याची वाट ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं धरली होती. १९७० च्या दशकात त्यांनी बाहेरची परीक्षा बंद करून शाळांवर भरवसा ठेवला, पण डोळे मिटून नाही. एका शाळेतल्या मुलांच्या कामाचे नमुने दुसऱ्या शाळांतले शिक्षक एकत्र बसून पाहत आणि ही श्रेणी योग्य आहे का, ते सांगत. जवळजवळ पन्नास वर्षं ही पद्धत चालली. २०२० पासून तिथं बाहेरची परीक्षाही जोडीला आली, पण शाळेचं मूल्यमापन गेलं नाही.

मला यातून एकच गोष्ट दिसते. शिक्षकाच्या हातून गुण काढून घेणं हा अविश्वास आहे, आणि ते न पाहता मोजून घेणं हीसुद्धा बेपर्वाईच आहे. त्याला आपण उगाच विश्वास म्हणतो. खऱ्या विश्वासाला पुरावा चालतो, किंबहुना त्याला तो हवा असतो. आमच्या पेठेत एका शाळेतून दुसरीत चालत दहा मिनिटांत जाता येतं. एका शाळेतल्या मराठीच्या बाईंनी दुसऱ्या शाळेत जाऊन दहा मुलांची तोंडी परीक्षा ऐकली, तर काय बिघडेल? दुर्गम पाड्यावरच्या शाळेला हे जड जाईल. तिथं मुलाचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवता येईल. गुणपत्रिकेवर शाळेचे वीस आणि मंडळाचे ऐंशी वेगळे छापता येतील. आणि त्या वीस गुणांवर शाळेची अब्रू, निकालाची टक्केवारी टांगायची नाही, एवढं मात्र शासनाला आणि आपल्यालाही पाळावं लागेल. कारण शंभर टक्के निकालाचा फलक पाहून शाळा निवडणारे आपणच असतो.

कल्हईचं दुकान कधीच बंद झालं. घराघरांत स्टील आलं, अब्बाही गेले. मुलगी आता नोकरी करते आणि चार माणसांत उत्तम मराठी बोलते. मध्यंतरी तिची गुणपत्रिका कपाटात सापडली. मी म्हटलं, “बघ, तोंडीत एकोणीस होते तुला.” ती हसली नाही. म्हणाली, “अब्बू, त्यांनी ऐकून चौदा दिले असते तरी चाललं असतं.”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)