बॉल पायथनचे पालन : उपवासाने घाबरू नये

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात आढळणारा बॉल पायथन हा अजगरकुळातील लहानखुरा, बिनविषारी साप आहे. धोक्याची चाहूल लागताच तो डोके मधोमध लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. पूर्ण वाढ झालेला साप साधारण तीन ते पाच फूट लांब असतो. मादी नरापेक्षा मोठी असते. बेनिनमधील उइदा शहरात या सापांचे मंदिर आहे. मात्र त्याच बेनिनसह घाना आणि टोगो येथून ते पाळण्यासाठी वर्षानुवर्षे परदेशी जात आले आहेत.

शांत स्वभावामुळे हौशी मंडळींची त्याला पसंती असते. पण ही हौस दोन-चार वर्षांत संपणारी नाही. पाळलेला बॉल पायथन वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका मादीने २०२० मध्ये, किमान ६२ वर्षांची असताना, अंडी घातली होती!

भारतात या सापाचा प्रश्न आधी कायद्याचा आहे. आपल्याकडचा अजगर पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार अशा प्राण्याची नोंदणी आवश्यक असून, त्याचे हस्तांतर, जन्म व मृत्यूही कळवावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटे व केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन सापडले होते. कागदपत्रांविना स्वस्तात मिळणारा साप अशाच वाटेने आलेला असू शकतो.

रानात हा साप दिवसभर उंदरांच्या बिळांत वा वारुळांत पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. म्हणून मोठ्या, उघड्यावाघड्या काचपेटीत तो बिचकतो. पेटीच्या उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी एकेक लपायची जागा हवी. उबदार टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, तर थंड टोक २५ ते २७ अंश असावे. उष्णता देणारे कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय वापरू नये. पोट भाजले तरी हा साप तेथून लगेच हलेलच असे नाही. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. वातानुकूलित खोलीत ती झपाट्याने घटते. मुंबईच्या पावसाळ्यात गोष्ट उलटी असते. तेव्हा खालचा भुसा ओला राहिला की पोटाचे खवले सडू लागतात.

सापाने खाणे सोडले, ही पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार. पण प्रौढ बॉल पायथन, विशेषतः विणीच्या काळात नर, काही महिने उपाशी राहू शकतो आणि तरीही ठणठणीत असतो. खरा निकष वजन. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही एवढ्यावर काम भागते. वजन टिकून असेल तर आधी तापमान तपासावे, लपायच्या जागा पाहाव्यात आणि सापाला हाताळणे थांबवावे. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. जबरदस्तीने भरवण्याचा उद्योग घरी करू नये. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, किंवा पिल्लूच उपाशी राहत असेल, तर मात्र थांबू नये.

खाद्य म्हणून सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा उंदीर पुरतो. पिल्लांना आठवड्याने, प्रौढांना दोन ते चार आठवड्यांनी. जिवंत उंदीर सोडणे धोक्याचे, कारण भूक नसलेल्या सापाला तो कुरतडून गंभीर जखमा करतो. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून कोमट करून द्यावा. सापाच्या ओठांवरील खाचा उष्णता टिपतात, त्यामुळे थंड उंदराकडे तो बरेचदा ढुंकूनही पाहत नाही. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये, अन्यथा तो भक्ष्य ओकून टाकतो.

कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर, धुरकट होतात. या दिवसांतही तो खात नाही. कात अखंड निघाली पाहिजे. तुकडे पडल्यास हवा कोरडी आहे असे समजावे. डोळ्यांवर राहिलेली कात नखाने वा चिमट्याने ओढू नये.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी फेस, तोंड उघडे ठेवणे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे होत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजकेच असतात. तेव्हा साप घरी आणण्यापूर्वीच असा पशुवैद्य शोधून ठेवावा. साप निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूरच ठेवावे.