अठ्ठाविसावा दिवस

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात रक्तक्षयावर बोलण्याचा प्रसंग आला. बोलता बोलता शाळांमधून दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या निळ्या गोळ्यांचा विषय निघाला. आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, "गोळीत लोह असते, ते मुलांना समजते. पण त्यात फॉलिक आम्लही असते. ते कशासाठी, असे एखाद्या मुलीने विचारले तर काय सांगायचे?" रक्तपेशी तयार व्हायला तेही लागते, असे सांगून मी वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते. जागा मात्र फार लांबची नाही. मुंबईत, परळला.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. त्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून मग त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. बाळंतपणात इतक्या स्त्रिया का दगावतात, याची चौकशी मार्गारेट बाल्फोर या डॉक्टरबाईंनी हाती घेतली होती. तिच्यातला रक्तक्षयाचा भाग विल्सबाईंकडे आला. काम बहुतेक हाफकिन संस्थेत चाले. रुग्णांमध्ये कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रिया होत्या. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात, हे आपण शिकवतो. या स्त्रियांच्या रक्तातल्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. पेशी वाढायची, पण तिचे विभाजन वेळेवर होत नसे.

विल्सबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसून राहिल्या नाहीत. त्यांनी आणि तळपदे या सहलेखकांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी १९३० साली प्रसिद्ध केली. या आजाराचा आणि गरिबीच्या जेवणाचा संबंध दिसत होता. मग तसलाच आहार उंदरांना देऊन पाहिला. त्यांनाही रक्तक्षय झाला आणि आहारात यीस्ट घातल्यावर तो टळला. पण उंदरांना उवा झालेल्या निघाल्या आणि निष्कर्षावर शंका आली, म्हणून सारे पुन्हा माकडांवर करावे लागले. (प्रयोग असेही फसतात, हे मुलांना जरूर सांगावे.) शेवटी एका अगदी खंगलेल्या माकडाला यीस्टचा अर्क दिला आणि ते झपाट्याने सुधारले. हा अर्क म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात ते मार्माइट. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून ते करतात आणि ते स्वस्त असते. तेच गरोदर स्त्रियांना दिले, तेव्हा चार दिवसांत भूक परतू लागली आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. हे सारे १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले.

त्या अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता, हे कोणालाच माहीत नव्हते. त्याला काही काळ 'विल्स घटक' असेच म्हणत. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले. भाजी आणि आईबाप या दोहोंना एकच शब्द आपल्याच भाषेत आहे. पुढची हकीकत वाचताना हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. १९४५ साली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत हे आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

इथपर्यंतची गोष्ट रक्ताची होती. पण पेशीचे विभाजन फक्त रक्तात होत नाही. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. मग जिथे पेशी सर्वांत वेगाने वाढतात, त्या गर्भाचे काय? सुब्बाराव यांच्याच प्रयोगशाळेतून अॅमिनोप्टेरिन हे फॉलिक आम्लाच्या विरुद्ध काम करणारे औषध निघाले होते. ते गर्भपातासाठी वापरले असता काही गर्भांत गंभीर व्यंगे आढळली, असे १९५२ साली थियर्श या डॉक्टरने नोंदवले.

आता थोडे गर्भशास्त्र पाहू. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि एकमेकींना जुळून नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या एका टोकाचा मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. नळी मिटायला साधारण बाविसाव्या दिवशी सुरुवात होते आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती पूर्ण मिटते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूच घडत नाही आणि बाळ जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर पाठीचे मणके दुभंगलेले राहतात. अशी मुले जगतात, पण अनेकांचे पाय लुळे असतात आणि लघवी-शौचावर ताबा नसतो.

दिवसांचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवण्याजोगा आहे. गर्भधारणा झाल्यावर सुमारे चौदा दिवसांनी पाळी चुकते. म्हणजे नळी मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तेव्हा शंकासुद्धा आलेली नसते. दवाखान्यात पहिल्यांदा नाव घालायला जायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. डॉक्टर फॉलिक आम्लाची गोळी लिहून देतात आणि ती आईच्या रक्तासाठी उपयोगीही असते. पण नळी एव्हाना मिटलेली तरी असते किंवा कायमची उघडी राहिलेली.

हे ध्यानात कसे आले? लिव्हरपूलमध्ये एलिझाबेथ हिबार्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी १९६५ साली दाखवले की, व्यंग असलेली मुले झालेल्या मातांमध्ये फॉलिक आम्लाच्या चयापचयात बिघाड असण्याचे प्रमाण जास्त होते. स्मिथेल्स पुढे लीड्सला गेले आणि १९८० साली त्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मज्जानलिकेचा दोष असलेले मूल एकदा झालेल्या स्त्रीला तसेच दुसरे मूल होण्याचा धोका बराच जास्त असतो. अशा स्त्रियांना गर्भधारणेच्या निदान अठ्ठावीस दिवस आधीपासून त्यांनी अनेक जीवनसत्त्वे असलेली गोळी दिली. या गटात १७८ पैकी एका गर्भात दोष आढळला. गोळी न घेतलेल्या गटात २६० पैकी तेरांत.

फरक एवढा ठळक की प्रश्न मिटला असे वाटावे. पण मिटला नाही. स्मिथेल्स यांना खरे तर निम्म्या स्त्रियांना बिनऔषधाची गोळी देऊन चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे होते. नैतिक समित्यांनी ती परवानगी नाकारली. त्यामुळे न घेणाऱ्यांच्या गटात कोण होत्या? तर ज्या आधीच गरोदर होत्या किंवा ज्यांनी गोळी नको म्हटले. म्हणजे मूल होण्याच्या आधी महिनाभर डॉक्टरांचा सल्ला घेणाऱ्या, मुळातच जपून वागणाऱ्या स्त्रिया एका बाजूला आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूला. गुण गोळीचा की जपणुकीचा? गोळीचा असला तर तिच्यातल्या कोणत्या जीवनसत्त्वाचा?

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने रीतसर चाचणी करायचे ठरवले, तेव्हा मोठा गदारोळ उठला. उपयोगी असण्याचा एवढा संभव असलेली गोळी निम्म्या स्त्रियांना मुद्दाम द्यायची नाही, हे क्रूर आहे, असे टीकाकार म्हणत. चाचणी करणारे निकोलस वॉल्ड आणि त्यांचे सहकारी म्हणत की, खात्री नसताना सर्वांना औषध देणे हाही प्रयोगच असतो, फक्त त्यातून काही शिकता येत नाही. १९८३ ते १९९१ या काळात सात देशांतल्या ३३ केंद्रांत १८१७ स्त्रिया या चाचणीत सामील झाल्या. चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार गट केले: फक्त फॉलिक आम्ल, इतर जीवनसत्त्वे, दोन्ही आणि दोन्ही नाही. एप्रिल १९९१ मध्ये चाचणी मध्येच थांबवण्यात आली, कारण निकाल स्पष्ट झाला होता. दोष आढळलेल्या २७ गर्भांपैकी फॉलिक आम्ल मिळालेल्या गटांत सहा होते आणि न मिळालेल्यांत एकवीस. इतर जीवनसत्त्वांचा काही उपयोग दिसला नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अशीच चाचणी चालू होती. हा निकाल आल्यावर तीही थांबवावी लागली.

त्या एकवीसांचा विचार मनात येतोच. चाचणी झाली नसती तर धोका कमी झाला असता की वाढला असता? माझे मत विचाराल तर चाचणी आवश्यक होती, कारण तिच्यामुळेच अनेक जीवनसत्त्वांच्या घोळातून नेमके एक नाव पुढे आले. पण हे मत त्या एकवीस घरांपैकी एकात बसून मांडणे मला जमले नसते. १९९२ साली हंगेरीत चेइझेल आणि दुदाश यांनी ज्यांना आधी असे मूल झालेले नव्हते अशा स्त्रियांमध्येही तोच परिणाम दाखवला: गोळीच्या गटात दोष शून्य, दुसऱ्या गटात सहा. त्याच वर्षी अमेरिकेने मूल होण्याच्या वयातल्या सर्व स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची शिफारस केली. १९९८ पासून तिथे धान्याच्या पिठात ते घालणे सक्तीचे झाले. जिथे हा शोध लागला त्या ब्रिटनने पिठात फॉलिक आम्ल घालायचा निर्णय जाहीर केला २०२१ साली, म्हणजे तीस वर्षांनी!

मज्जानलिकेचा दोष जन्मताच दिसतो. पण गर्भधारणेच्या सुमाराची उपासमार जन्मताना न दिसणारी खूणही ठेवून जाते का? याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेतून मिळाले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडच्या पश्चिम भागात अन्न पोहोचेनासे झाले आणि शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न आले. दुष्काळाची सुरुवात आणि शेवट असे नेमके माहीत असल्याने कोणाचे गर्भजीवन कोणत्या टप्प्यात भुकेत गेले, हे पुढे मोजता आले. उपासमारीच्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांचे जन्माचे वजन ठीकठाक होते, कारण शेवटच्या महिन्यांत आईला अन्न मिळाले होते. तरी मोठेपणी हृदयविकाराचे प्रमाण त्यांच्यात अधिक निघाले. २००८ साली अशा साठ जणांच्या रक्तातला डीएनए त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिला, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मेथिल खुणा त्यांच्यात कमी आढळल्या. जनुक तेच, पण त्यावरची खूण वेगळी, आणि तीही साठ वर्षांनंतर. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या शेवटी उपाशी होत्या, त्यांच्यात हा फरक नव्हता.

या मेथिल खुणांसाठी लागणारा कच्चा माल पेशीत फॉलिक आम्लाच्या साखळीतूनच येतो. त्या साखळीतला दुसरा आवश्यक दुवा म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. आणि इथे आपण पुन्हा महाराष्ट्रात येतो.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. त्यातली शिस्त पाहण्यासारखी आहे. गरोदर नसलेल्या दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांकडे दर महिन्याला जाऊन पाळीची चौकशी होई, म्हणजे गर्भधारणा झाली की ती लगेच कळे आणि आईची आधीची उंची-वजनेही हाताशी असत. तिथल्या मातांमध्ये फॉलिक आम्लाची कमतरता जवळपास नव्हतीच, पण ब-१२ सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये कमी होते. ते दूध, अंडी, मांस यांतून मिळते, पालेभाजीतून नाही. ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्ल जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. ही मधुमेहाकडे जाणारी वाट. पुढे हीच मुले किशोरवयात आली तेव्हा २०१२ पासून त्यांना ब-१२ देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली. तिच्यात मुलगेही होते. पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा बापाच्या प्रकृतीचा प्रश्न रास्तच आहे. मात्र बापाबद्दलचा पुरावा आईबद्दलच्या पुराव्याइतका भक्कम अजून नाही.

शाळेतल्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, ब-१२ नसते. आणि ही मात्रा आठवड्याची आहे. रक्तक्षयासाठी ती योजलेली आहे. मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या स्त्रीला रोजची वेगळी गोळी लागते आणि ती डॉक्टरांना आधीच विचारून सुरू करावी लागते.

विल्सबाईंच्या मुंबईतही पुढे एक मोठा प्रयोग झाला. २००६ ते २०१२ या काळात झोपडवस्त्यांतल्या साडेसहा हजार स्त्रियांना गरोदर होण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते, दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा बाळांच्या वजनात खात्रीलायक फरक निघाला नाही. गर्भधारणेच्या आधी निदान तीन महिने खाऊ सुरू झाला होता अशा स्त्रियांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमनी वजनदार होती. आणि ज्या स्त्रियांची साखर तपासली गेली, त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्क्यांना आढळला, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्क्यांना.