ताणलेल्या दोरीची कुळकथा

भोकरच्या बसस्थानकामागे, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या संगणकवर्गात, वयाची साठी उलटल्यावर ऑटोकॅड शिकण्याच्या इराद्याने मी प्रथम जाऊन बसलो, तेव्हा पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून चिकटून आरेखक म्हणून निवृत्त झालेला मनुष्य विचारील तोच प्रश्न माझ्या तोंडून निघाला : "सर, प्रमाण काय धरायचं?" माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान असलेले ते सर किंचित हसले आणि म्हणाले, "काका, प्रमाण-बिमाण काही नसतं इथं. तीस फुटाची भिंत असली तर तीस फूटच काढायची. कागदाचं मागून बघू."

हे उत्तर ऐकून मी काही काळ स्तब्धच झालो. एकास पन्नास, एकास शंभर ही ज्या विद्येची बाराखडी, तिच्यातून प्रमाणच वजा केले तर बाकी काय राहते? परंतु पुतण्याच्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरील घराचा नकाशा मी स्वतः काढीन असा शब्द देऊन बसलो होतो; तेव्हा निमूटपणे एल हे अक्षर दाबले, एंटर केले, आणि त्या काळ्या, अमर्याद पडद्यावर पहिला बिंदू ठेवला.

आणि तेथे एक गोष्ट घडली. आमच्या भाषेत रेघ ओढतात. टाकाचे किंवा पेन्सिलीचे टोक कागदावरून पुढे सरकते, आणि मागे रेघ राहते. येथे मी काहीच ओढीत नव्हतो. पहिला बिंदू खुंटीसारखा रोवला गेला होता आणि माझा हात जिकडे जाईल तिकडे त्या खुंटीपासून एक बारीक दोरा ताणला जात होता. तो लांबे, आखडे, फिरे. दुसरा बिंदू ठेवला की स्थिर होई. ही रेघ ओढलेली नव्हे, ताणलेली होती, आणि अशी रेघ मी लहानपणापासून पाहत आलो होतो; मात्र कागदावर नव्हे, जमिनीवर.

या ताणलेल्या रेघेचा अलीकडचा जन्म नोंदलेला आहे. आयव्हन सदरलंड नावाच्या तरुण विद्यार्थ्याने 1963 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीस जो प्रबंध सादर केला, त्यात स्केचपॅड नामक रचनेचे वर्णन आहे. टीएक्स-2 हा अजस्र संगणक, त्याचा सुमारे सात इंची पडदा, एका हातात प्रकाशलेखणी आणि दुसऱ्या हाताखाली बटणे, असा तो थाट. रेघ वेडीवाकडी आली तरी 'या दोन समांतर कर', 'या दोन काटकोनात आण' असा हुकूम सोडला की यंत्र त्या सरळ करी. आणि मूळ आकृती बदलली की तिच्या जागोजाग ठेवलेल्या सर्व प्रती आपोआप बदलत. खिडकीचा एक 'ब्लॉक' सुधारून बारा खिडक्या एकदम सुधारणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ही पितृपरंपरा जाणावी. पुढे 1982 मध्ये कॅलिफोर्नियात ऑटोडेस्क स्थापन झाली, त्याच वर्षी ऑटोकॅड बाजारात आले, आणि ही विद्या प्रयोगशाळांतून उतरून साध्या मेजावरच्या संगणकात शिरली. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा तो तरुणांच्या टेबलावर गेला; आम्हा जुन्यांकडे ट्रेसिंगची बाडे राहिली.

त्या बाडांविषयी मला ममत्व आहे, म्हणून थोडे विषयांतर. ट्रेसिंगच्या कागदावर शाईची रेघ चुकली तर ती खोडायची नसे, खरवडायची असे. दाढीच्या ब्लेडचे अर्धे पाते बोटांत धरून, श्वास रोखून, कागदाला भोक न पडेल इतक्या हलक्या हाताने. मग ती जागा नखाने घोटावयाची, नाही तर पुढची शाई फुटे. प्रत काढावयाची तर ट्रेसिंगखाली रसायन लावलेला कागद ठेवून त्यावर प्रकाश सोडावा आणि मग अमोनियाची वाफ द्यावी. नाकाडोळ्यांतून पाणी आले म्हणजे प्रिंट उतरली असे समजावे. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये शोधलेल्या निळ्या छपाईची ही धाकटी पाती. एका ट्रेसिंगवर दुसरे ट्रेसिंग ठेवून भिंतींवर नळ आणि नळांवर विजेच्या तारा जुळविण्याची आमची युक्ती आता 'लेयर' या नावाने नांदते. वर्गात एकदा वीज गेली आणि सेव्ह न केलेले माझे दोन तासांचे काम नाहीसे झाले, तेव्हा त्या ब्लेडची मला फार आठवण झाली. ब्लेडने गेलेल्या रेघेचा निदान ओरखडा तरी मागे राहत असे.

प्रमाण ही या कागदाची गरज. जमीन मोठी, कागद लहान. म्हणून तिला आखडून घ्यावे लागते. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे आणे सोळा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयाचे आणे चलनातून केव्हाच गेले, साखळीचे आणे जुन्या टिपणांतून अद्याप वाचता येतात. त्या मोजणीच्या कचेरीने आपल्याला नकाशा हा शब्दही दिला. अरबी नक्श म्हणजे कोरणे, रंगविणे. फारसीच्या मार्गाने तो आला आणि त्याच्यापासून नक्षी व नकाशा ही दोन भावंडे मराठीत नांदू लागली. कोरणे हा अर्थ अक्षरशः पाहावयाचा असेल तर मध्यप्रदेशात भोजपूरला जावे : अकराव्या शतकातील त्या अपुऱ्या शिवालयाभोवतीच्या खडकांवर शिल्पकारांनी कोरलेल्या आराखड्यांच्या रेषा आजही दिसतात.

परंतु कागदापूर्वीचा कारागीर मुख्यतः जमिनीवरच, जेवढ्यास तेवढे आखीत असे, आणि त्याला सूत्रधार म्हणत, म्हणजे दोरी धरणारा. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयास असलेल्या सूत्रधार मंडनाच्या राजवल्लभ या ग्रंथात कारागिराची आठ 'सूत्रे' सांगितली आहेत : दृष्टी, हस्त म्हणजे गज, मुंजाची दोरी, सुती दोरा, ओळंबा, गुण्या, साधणी आणि कर्कटक. आठांत दोन तर दोऱ्याच आहेत, आणि पहिले साधन डोळा आहे, हे मला विशेष वाटते. ही यादी खिशात ठेवून मी वर्गात बसू लागलो आणि एकेक कुळी ओळखू लागलो. एफ-आठ ही कळ दाबली की रेघ आडवी किंवा उभीच जाते, तिरपी होत नाही. त्या सोयीला 'ऑर्थो' म्हणतात. हा तर आमचा गुण्या! गंमत अशी की सुताराचा गुण्या फारसीतून आला असला तरी त्याचे मूळ 'कोन' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे आणि ऑर्थोचे मूळ 'सरळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दात. म्हणजे दोघांचेही आजोळ यवनदेशीच. 'ऑब्जेक्ट स्नॅप' चालू केला की बाण भिंतीच्या टोकापाशी जाताच तिथेच चिकटतो. भोकर हे आमच्या गावाच्याच नावाचे फळ फोडून त्याच्या गराने लहानपणी ज्याने वह्या चिकटविल्या, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

महिनाभरात नकाशा झाला. पडद्यावर तो तीस बाय चाळीस फूटच होता. नगरपरिषदेसाठी छापतानाच काय ते 'एकास शंभर' निवडावे लागले, तेही अखेरच्या क्षणी, एका चौकटीत. सर खरे बोलले होते.

पायाच्या आखणीच्या दिवशी सकाळी प्लॉटवर गेलो तेव्हा मिस्त्री आधीच खुंट्या ठोकून बसले होते. मी प्रिंट पुढे केली आणि सवयीने खिशातली पट्टी काढू लागलो. "पट्टी राहू द्या काका," ते म्हणाले, "आकडा लिहिलाय न्हवं?" सिमेंटने पांढऱ्या झालेल्या अंगठ्याखाली त्यांनी एक माप धरले, टेपवर तीन फूट, चार फूट आणि कर्णावर पाच फूट मोजून कोपऱ्याचा काटकोन साधला, पोराला पलीकडच्या खुंटीशी उभे केले आणि हाक दिली, "ताण!" दोरी सरळ झाली. तिच्या कडेकडेने पोराने फक्की टाकीत नेली.